आत्याच्या मानेतलं बिऱ्हाड

आमच्या आत्याचा जन्म दुसऱ्यांचे दात घडवण्यात गेला. डेंटल लॅबमध्ये ती कवळ्या बनवते. गुलाबी हिरडीवर एकेक दात बसवते, घासते, पुन्हा बसवते आणि घरी आली की स्वतःचं तोंड मिटून घेते. घर म्हणजे तिच्या भावाचं, आमचं. जिन्याजवळच्या खोलीत ती माझ्या जन्माआधीपासून राहते, तरी आई त्या खोलीला 'पाहुण्यांची खोली' म्हणते.

तिच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात गाठ आली. डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट बाबांनी आणला आणि वाटेतच वाचला. ती गाठ म्हणजे लिम्फ नोड, लसिकाग्रंथी, आणि तिच्या आत लाळग्रंथीच्या पेशी सापडल्या, एवढं त्यांना कळलं. पुढचं कळलं नाही, पण कुणाला विचारणं त्यांच्या स्वभावातच नाही. बाबा गोदामात स्टोअरकीपर. या खणातला माल त्या खणात सापडला, तर तो कुणीतरी हलवलाय, यावर त्यांची अढळ श्रद्धा.

"माल आपोआप चालत जात नाही," ते आईला म्हणाले. "तिकडचं इकडे आलंय. पसरलंय."

झालं! घराला मायेचा पूर आला. खिडकीजवळची खुर्ची आत्याला मिळाली. एरवी 'अहो, ऐकलंत का'वर भागवणारी आई 'वन्सं, वन्सं' करू लागली. बाबा लहानपणच्या आठवणी काढून ढसाढसा रडले. त्याच गडबडीत आईने जिन्याजवळच्या खोलीचं माप घेतलं. तिथे कपाट मावेल का, एवढंच बघायचं होतं म्हणे. तेवढ्यात आत्या दारात आली. तिने टेपचं दुसरं टोक धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर मात्र हसले. "कॅन्सर कुठला? आईच्या पोटात लाळग्रंथी आणि हे लिम्फ नोड शेजारी शेजारी घडतात. तेव्हा लाळग्रंथीचा एखादा तुकडा नोडच्या आत राहून जातो. जन्मभर तिथेच असतो."

"म्हणजे दुसरीकडून आलेला नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. तिथलाच."

बाबांचा जीव भांड्यात पडला. आईनेही डोळे पुसले, खरेखुरे.

"त्रास देतो का?" आत्याने विचारलं.

"काडीचाही नाही."

"मग काढलात कशाला?"

"गाठ जरा मोठी दिसायला लागली होती ना. खात्री करून घ्यावी लागते."

दोन दिवसांत खुर्ची पुन्हा बाबांकडे गेली. आठवड्याभरात आत्याने लॅबजवळ खोली बघितली.

"आता तर सगळं ठीक आहे, मग निघालात कुठे?" आई मनापासून गोंधळली होती.

"मोठी दिसायला लागायच्या आत निघते, वहिनी."

बाबा तिची बॅग घेऊन जिन्यापर्यंत आले आणि अडखळत म्हणाले, "अगं, तू इथलीच आहेस."

आत्याने बॅग त्यांच्या हातातून घेतली. "हे सांगायला डॉक्टर लागला का रे, दादा?"