कंपनीने ठरवलेला आवाज

बाबांना कमी ऐकू येतं, हे आमच्या घरात बोलून दाखवायचं नाही असा अलिखित नियम आहे. बोललं तरी त्यांना ऐकू जात नाही, हा भाग वेगळा. पस्तीस वर्षं ते कारखान्यात प्रेस मशीनच्या खडखडाटात उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून आले. एकदा कानात घालायचं मशीन आणलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात गेलं, ते गेलंच. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

धायरीतल्या या फ्लॅटमध्ये आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबांच्या आठवड्याला एकच दिवस असतो, रविवार. सकाळी अकराला वर्ध्याकडच्या गावातून आत्याचा फोन येतो. आत्या त्यांची थोरली बहीण, ते तिला बाई म्हणतात. त्यांचा जुना बटणांचा फोन असा खणखणीत होता, की आत्याच्या गावात पाऊस पडला की नाही ते आमच्या जिन्यात कळायचं. मग मला अवदसा आठवली. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने स्मार्टफोन आणला, आणि जुना दुकानात बदल्यात देऊन टाकला.

त्या दिवसापासून रविवार आटला. पाऊण तास चालणारा फोन दहा मिनिटांवर आला. बाबा फोन कानात रुतवून बसायचे आणि अधूनमधून "हो ना बाई, हो" म्हणायचे. एका रविवारी फोन ठेवून ते म्हणाले, "बाईचा आवाज फार बारीक झाला गं. थकली वाटतं."

मला इतकं वाईट वाटलं, की मी उठून स्वयंपाकघरात गेले. आत्या थकली नव्हती. फोनचा आवाज त्याहून वर जातच नव्हता.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते, त्यामुळे हे माझ्या जिव्हारी लागलं. सगळ्या सेटिंग उलथ्यापालथ्या केल्या. स्पीकर लावला तर आवाज फुटायचा. इअरफोन लावले तर पडद्यावर सूचना यायची, की जास्त आवाजाने कानांना इजा होऊ शकते, आणि आवाज आपोआप खाली. ज्या कानांना व्हायची ती इजा तीस वर्षांपूर्वी होऊन गेली होती, पण ते सांगायचं कोणाला?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन तासभर बसले. काउंटरवरच्या मुलीने फोन बघितलासुद्धा नाही. "मॅम, व्हॉल्यूम लिमिट सेफ्टीसाठी असते. इश्यू फोनमध्ये नाहीये." मग कोणात आहे, हे तिने तोंडाने सांगितलं नाही, पण समजलं. सदाशिव पेठेत एक जुने दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोन उलटासुलटा केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, आपण फक्त फोन विकत घेतलाय. कुलूप कंपनीचंच आहे. काच फुटली तर या."

दुसरा बटणांचा फोन आणला असता तर विषय संपला असता. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण माझं डोकं फिरलं होतं. माझ्या घरात, माझ्या बापाच्या कानात, त्यांच्या बहिणीचा आवाज किती जावा हे कोण कुठली कंपनी ठरवणार? मी ते कुलूपच काढायचं ठरवलं.

कुलूप काढायलाही कंपनीचीच परवानगी लागते. अर्ज करा, आठवडा थांबा. हा आठवडा कशासाठी, तर आपला विचार बदलतो का ते बघायला. माझा बदलला नाही. मग कळलं की कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो काढून ठेवले, नंबर वहीत उतरवले. पहिल्यांदा केबल चालली नाही. दुसऱ्यांदा फोन पडद्यावर चिन्ह दाखवत तासभर नुसता अडकून बसला. एवढं करून एकदाची आत शिरले, तर आवाजाच्या फाइलमध्ये बदलायचा होता फक्त एक आकडा. त्या एका आकड्यापायी माझे चार शनिवार गेले होते.

त्यानंतर फोन चालू केला, की आधी इशारा येतो: हे उपकरण विश्वासार्ह नाही. पैसे पाठवायचं ॲप तर उघडतच नाही. बाबांनी तो इशारा चष्मा लावून वाचला. "फोनवर विश्वास नाही म्हणे. आमचा तरी कुठे होता?" म्हणाले.

पुढच्या रविवारी अकराला फोन वाजला. बाबांनी कानाला लावला आणि दचकून लांब धरला. आत्याचा आवाज पार स्वयंपाकघरात आला. मी ओट्याशी उभी, हातात कणकेचा गोळा. मी जिंकले होते. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"या आठवड्यात तरी येशीन का रे बाप्पा?" आत्या म्हणत होती. "का नुसतंच हो म्हणतं?"

बाबांनी फोन पुन्हा कानाजवळ आणला.

"डॉक्टरले दोनदा तारीख पुढं करायले लावली. म्हटलं, माहा भाऊ येऊन राह्यला, तो आल्यावरच डोया कापा. मोतीबिंदू पिकला म्हणते तो आता. एका डोयानं तर दिसतच नाही मले."

"बाई," बाबा म्हणाले, "कधीपासून म्हणून राह्यली तू हे?"

"दिवायीपासून. दर रविवारी तू येतो म्हणतं. मी गादी उन्हात टाकते, अन् उचलून ठेवते."

दिवाळीला पाच महिने होऊन गेले होते. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ते रागावलेही नव्हते. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे दिसत होते. मला मात्र माझाच असा संताप आला, की हातातला गोळा ओट्यावर आपटला. सर्व्हिस सेंटर झालं, अर्ज झाला, कुलूप झालं. पाच महिने दर रविवारी अकराला मी या फोनपासून चार हातांवर बसलेली असायचे, लॅपटॉपवर कुलूप कसं तोडायचं ते वाचत. एकदाही मी बाबांच्या हातातून फोन घेऊन विचारलं नव्हतं, की आत्या, काय म्हणतेस?

हात न धुताच मी फोन घेतला.

"आत्या, मी बोलतेय. आम्ही दोघं येतो. उद्याच निघतो."

पलीकडून तो खणखणीत आवाज आला, मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"तू घरीच राह्यतं काय व पोरी रविवारी? मले वाटलं, तुले सुट्टीच नसते."