दुधाचा बीकर

"चालो, फरीथी!" चला, पुन्हा एकदा, असं गुजरातीत म्हणत बाई काचेची तार खिडकीसमोर धरायच्या आणि एक डोळा मिटायच्या. तार केसाएवढी. तिच्यावर प्लास्टिकसारखा लेप चढवायचा आणि तिच्यातून उजेड सोडायचा. पाण्यात दुधाचं प्रोटीन कणभर असलं तरी ते लेपाला चिकटणार, उजेड बदलणार आणि पडद्यावरची रेघ चढणार. ज्या पोरांचं अंग दुधाच्या थेंबानं सुजतं, त्यांच्या खाण्यात दूध आहे का ते कळावं म्हणून हा खटाटोप.

बाई बडोद्याच्या, गोत्री भागातल्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत भांडी धुवायचो. चौथी नापास, पण माझ्या हातचं भांडं कुणाला परत धुवावं लागलेलं नाही. काम बिघडलं की नशिबाला बोल लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई तशा नव्हत्या. लेपाला गाठ आली की तार टाकून द्यायच्या. "चालो, फरीथी!"

एकदा मोठे साहेब बघायला आले. बाईंनी बीकरमधल्या साध्या पाण्यात तार बुडवली. रेघ चढली. दुसरी तार घेतली, तेच.

"साध्या पाण्यात दूध दाखवतं तुमचं यंत्र," साहेब म्हणाले. "बंध करो हवे. बंद करा आता हे."

"सर, तार खोटं बोलत नाही. बीकर बघू या."

साहेब माझ्याकडे वळले. "काका, बीकर धुतला होता?"

"माझ्या हातचं भांडं म्हणजे आरसा!" मी छाती काढून म्हणालो.

बाईंनी माझं खरं मानलं. मान खाली घालून तारा डब्यात भरू लागल्या. ते मात्र मला बघवेना. सकाळी त्याच बीकरमधून मी चहाचं दूध आणलं होतं. नंतर तीनदा विसळला, साबण लावला नाही.

"साहेब, दूध होतं त्यात. माझ्या चहाचं."

साहेब लालेलाल झाले. बाई मात्र ओरडल्याच, "काका, म्हणजे तारेनं पकडलं! तुमच्या डोळ्याला दिसलं नाही ते पकडलं! चालो, फरीथी!"

पाच कोरे बीकर साधं पाणी भरून मांडले. बाईंनी पाठ फिरवली. साहेबांनी एकातच दुधाच्या भांड्याची विसळ टाकली. बाईंनी पाचांत पाच तारा बुडवल्या. चार रेघा आडव्या, एक ताठ उभी. तीच विसळीची!

"काम चालू ठेवा," साहेब म्हणाले. सगळ्यात मोठी टाळी माझी.

आता बाई बडोद्यात नाहीत, मोठ्या कामावर गेल्या. जायच्या दिवशी मी तोच बीकर साबणानं घासून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पाणी ओतलं, तार बुडवली. रेघ हलली नाही.

"काका, पास!"

बीकर मी मागून घेतला. घरी फळीवर पालथा आहे. त्यात दूध कुणाला घालू देत नाही.