ड्युटीवरून आल्यावरची गोळी

चाकणच्या ज्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे, तिथल्या मशिनींना वेळच्या वेळी ग्रीस देणं हे माझं काम. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बायकोला रोजची गोळी लिहून दिली, तेव्हा मी लगेच छाती पुढे काढली. ती म्हणाली, "मी मोबाइलला गजर लावते." मी म्हणालो, "गजर कशाला? मी आहे ना! मी ड्युटीवरून आलो की गोळी."

गोळी तशी मूल नको असलेल्यांची. पण हिला पाळीत इतकं दुखायचं की एकदा बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली मला सापडली होती, ओठ पांढरेफटक. ही गोळी खंड न पाडता सलग घेतली की पाळी येत नाही, मग दुखणंही नाही. आमच्या घरात आणखी एक फायदा होता. बाहेर बसणं नाही. आई चाकणजवळच्या खेड्यातली, चार दिवस पाळायचे म्हणजे पाळायचे. चिखलीच्या फ्लॅटमध्ये 'बाहेर' कुठून आणणार? म्हणून बेडरूममध्ये चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. मग एकदा कपड्यावर डाग दिसला. आई म्हणाली, "कावळा शिवला, बस बाजूला." चार दिवस बसली, डोक्यावरून न्हाली, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पुन्हा डाग. पुन्हा चटई, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. हे इतकं चाललं की मी हॉलमधल्या सोफ्यावर कायमचा झोपू लागलो आणि हिच्या जगात ती बेडरूमची खिडकी तेवढी उरली. खाली कंपनीच्या बस येताना-जाताना बघायची.

"मला आता या चटईतच मुळं फुटायची," ती म्हणाली.

आईचं निदान तयार होतं. "आरं, त्या गोळ्यांनीच झालंय. बंद कर म्हणावं तिला. दुखायचं काय, समद्याच बायकांना दुखतं."

मी ताट घेऊन आत गेलो. हिनं सगळं ऐकलं होतं. ताटाला हात न लावता म्हणाली, "गोळी बंद केली तर परत ती फरशी. चालू ठेवली तर ही चटई. सांगा, कुठं बसू?"

मी लगेच सल्ला दिला. "उष्णता झाली असेल. कोकम सरबत घेऊन बघ." त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आमच्या प्लांटमध्ये बिघडलेल्या मशिनीकडेही कुणी बघत नाही.

शेवटी दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काळजीचं काही दिसत नाही म्हणाल्या. मग विचारलं, "गोळी किती वाजता घेता?"

"ड्युटीवरून आल्यावर," मी अभिमानानं सांगितलं. "एक दिवस चुकवली नाही."

"ड्युटी किती वाजता सुटते?"

"कुठल्या आठवड्यात?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी समजावून सांगू लागलो. फर्स्ट शिफ्टला दुपारी येतो, सेकंडला मध्यरात्री, थर्डला सकाळी. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रविवारी सुट्टी, तेव्हा आठवेल तशी. बोलता बोलता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला. शेजारच्या खुर्चीत बायकोनं डोळे मिटून घेतले होते.

"मशीनला ग्रीसही असंच देता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "रोज एकाच वेळी घ्यायची. सलग गोळीवर पहिले काही महिने असे डाग तसेही पडतात, आणि वेळ पुढेमागे झाली की जास्तच. लगेच थांबतील असं नाही. पण ही पाळी नव्हे. आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका."

घरी आलो. मी आईला म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, ही पाळी नाही, गोळी चालू ठेवायची. काही टेक्निकल कारणानं..."

"टेक्निकल?" बायको दारातूनच म्हणाली. "सांगा की, कुणाच्या शिफ्टनं रक्त काढलं ते!"

सांगावं लागलं. आईनं आत जाऊन चटई उचलली आणि हॉलमध्ये माझ्यापुढे टाकली.

"पाळी न्हाई व्हय? मग ती कशाला बसंल? घोटाळा ज्यानं केला त्यानं बसावं." जरा थांबून हिला म्हणाली, "देवघराला मात्र हात लावू नको हां, अजून."

तेवढं राहिलंच. डागही पुढे बरेच दिवस येत राहिले. पण गजर आता हिच्या मोबाइलला आहे, आणि गोळ्यांच्या पाकिटाला हात लावायची मला बंदी.

त्या दिवशी मी चटईवर मुकाट बसलो. भूक लागली होती, उठायची सोय नव्हती, आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि कुणी काही विचारत नव्हतं. बऱ्याच वेळानं बायको ताट घेऊन आली. लांबूनच वाकून ताट ठेवलं, त्यात भाकरी वरून टाकली आणि म्हणाली, "सरका मागं. शिवाल मला."

आई हसली. ही हसली नाही.