आप्पांचे थंडीचे टायर

आप्पा गेले तेव्हा मला आधी हायसं वाटलं.

रडू नंतर आलं.

कुणाला वाचून राग आला तर येऊ दे. ज्यांच्या घरचा माणूस रोज घाट चढायचा, त्यांना बरोबर कळेल.

माझे वडील, आप्पा, नव्वदच्या दशकात मुरबाड ते ओतूर जीप चालवायचे. मधे अख्खा माळशेज घाट. आमचं घर टोकावड्याच्या पुढे, अगदी रोडला लागून. संध्याकाळी आप्पांचा हॉर्न ऐकू आल्याशिवाय आई भाकरी थापायला बसायची नाही. आम्ही पोरं भुकेनं कावायचो, पण तिचं लक्ष रस्त्याकडे.

तेव्हा आमच्या रोडवरच्या जीपवाल्यांची एक रीत होती.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की पावसाळी टायर उतरवायचे. खोल खाचांचे, चांगले ग्रिपवाले. ते पुढच्या पावसासाठी गोठ्यात टांगून ठेवायचे. आणि झिजून गुळगुळीत झालेले, ज्यांना सगळे 'गोटे' म्हणायचे, ते चढवायचे. थंडी आणि उन्हाळा गोट्यांवरच काढायचा.

कारण काय, तर रस्ता सुका.

आईला हे कधीच पटलं नाही.

"अवो, थंडीत सकालचा घाट वला असतो. दव काय कमी पडतं?"

"दव म्हंजे पाऊस नाय गो. तू भाकरी बघ."

हे भांडण दर हिवाळ्याला. आम्हाला पाठ झालं होतं.

त्या वर्षी पौषातली म्हशाची जत्रा उठली तरी थंडी हलायचं नाव घेत नव्हती. माझी मोठी बहीण, सुरेखाताई, पहिलटकरीण. नववा लागला तरी ओतूरला सासरीच अडकलेली. आप्पांनी ठरवलं, आज संध्याकाळी वर जायचं, मुक्काम करायचा आणि पहाटे तिला घेऊन उतरायचं.

आप्पा निघायला आले तर आई ड्रायव्हरच्या सीटवर. पदर खोचून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून.

तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"टायर बदला. मंगच उतरीन."

"उतर गो, टाइम होतोय!"

"माजी पोर दोन जीवांची हाय. गोट्यांवर नाय आनायची तिला."

आप्पा चिडले, ओरडले, शेजाऱ्यांना साक्षीला बोलावलं. शेजारी हसत बसले. शेवटी आप्पांनी जॅक काढला. चारही टायर बदलून होईपर्यंत अंधार पडला. जाताना त्यांनी आईकडे बघितलंसुद्धा नाही.

आई जिंकली होती. त्या आनंदात ती एक गोष्ट विसरली.

आमच्याकडे वालाचे सुकलेले वेल रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, झोडपायचे कष्ट वाचतात. पण सूर्य बुडायच्या आत ते उचलायचे असतात, कारण रात्री दव पडलं की त्यांचा नुसता चिखल होतो.

आमचे वाल त्या रात्री रस्त्यावरच राहिले. नेमके वळणाला, ओढ्यावरच्या मोरीच्या तोंडाशी.

उजाडताना आईला आठवलं. ती झाडू घेऊन धावली, मी तिच्या मागे. आम्ही पोचलो आणि वळणावरून आपलीच जीप आली.

आईला बघून आप्पांनी ब्रेक मारला.

गाडी ओल्या वेलांवरून आडवी सरकली. मी ताईची किंकाळी ऐकली. मोरीला कठडा नव्हता, खाली ओढ्यातले दगड. मागचं चाक रस्ता सोडून साईडपट्टीवर उतरलं, तिथल्या मातीत टायरच्या खाचा रुतल्या आणि गाडी थांबली.

मोरीची कड जेमतेम हातभर अंतरावर.

आई झाडू धरून तशीच उभी. ताई मधल्या सीटवर पोट धरून बसलेली, पण धड. आप्पा खाली उतरले. आधी चाक बघितलं. मग वाकून एक वेल उचलला.

"कोनाचं वाल हायत ह्ये?"

आईनं झाडू पदराआड केला.

"मी इचारतोय, कोनाचं?"

"आपलंच."

आप्पा मटकन रस्त्यावरच बसले. आधी मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग आई हसायला लागली, मग ताई.

"हसवू नका गो, दुखतंय मला," ताई म्हणाली, तेव्हा सगळ्यांना मुरबाडचा दवाखाना आठवला.

त्याच आठवड्यात ताईची प्रणाली जन्मली.

पुढच्या दसऱ्याला आप्पांनी पूजा केली, पण टायरला हात लावला नाही. गोटे चढले ते होळी पेटल्यावर. बाकीचे जीपवाले चिडवायचे, "काय आप्पा, पाऊस हाय का?" हळूहळू दोघातिघांनी तेच सुरू केलं. आमचे वाल मात्र तेव्हापासून अंगणातच पसरले गेले.

आणि घरात वालाचं बिरडं झालं की आप्पा ताट घट्ट धरायचे. "घसरंल गो!" आई दरवेळी लाजायची.

प्रणाली आता जर्मनीत नर्स आहे. आप्पांच्या शेवटच्या हिवाळ्यात तिनं व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. "आजोबा, इथे थंडीचे टायर वेगळे लावतात. उन्हाळ्याचं रबर थंडीत कडक होतं, बर्फावर पकड राहत नाही."

आप्पांनी फोन आईपुढे धरला.

"ऐक गो. तुजंच बोलनं जर्मनीला पोचलंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, माघातच, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. जीप विकून कितीतरी वर्षं झाली होती, तरी फोन वाजला की मला आधी घाटच आठवायचा, तिथूनच काही वाईट आलं का म्हणून. तसं काही आलं नाही. त्यांना त्यांच्या खाटेवर, त्यांच्याच गोधडीत मरण आलं.

आई त्यांच्या उशाशी बसून एवढंच म्हणाली,

"निजल्या जागी गेला. माज्या मानसाला घाटानं नाय नेला."

आज वर्ष झालं. सकाळी आईनं अंगणातले वाल गोळा केले, मूठभर फोटोपुढे ठेवले.

आप्पा, सावकाश जा.

तुमच्या रस्त्यावरचे वाल आईनं उचललेत.