न उघडायची बाटली

हॉटेलात जुन्या वाइनचा लिलाव पाहायला गेलो होतो. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसाने एक धुळकट बाटली तान्ह्या बाळासारखी उचलून दाखवली. धूळ मुद्दाम पुसत नाहीत. तिचाही भाव लागतो. शेजारच्या शेटजींनी फ्लॅटच्या किमतीला ती घेतली, तेव्हा मी विचारलं, "कधी उघडणार?"

"उघडली तर किंमत काय राहील, साहेब?" ते माझी कीव करत म्हणाले.

"आत व्हिनेगर झालं असेल तर?"

"उघडल्याशिवाय कळणार कुणाला?"

आमच्याकडे लोणचंसुद्धा मुरलं की पानात येतं. ही बाटली मात्र या कपाटातून त्या कपाटात जात राहणार, आणि तिची काच बघून माणसं रसिक म्हणवून घेणार. आतल्या वाइनची चव आजवर घेतली आहे ती एकट्या बुचाने.