भेटायला आलात तर खाली बसा

आईचा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या डोळ्यांत थेंब टाकत होते. आई एवढंच म्हणाली, "ये वं लवकर... तुह्ये बाबा बोलून नाई राहिले." मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हिंगण्याच्या रस्त्यावरच्या आमच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या बाबा गेले. मांडीवर पेपर उघडा होता आणि हातात भिंग. हृदयानं दगा दिला, डोळ्यानं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेले एक नातेवाईक जेवता जेवता मला म्हणाले, "एवढ्या वयात त्यायच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं तुम्ही, केवढे हाल केले त्यायचे... शेवटी वायाच गेलं नं सगळं?" मी त्यांच्या पानात आणखी वरण वाढलं आणि गप्प राहिले. घर भरलेलं होतं, आई समोर होती. आता काही आठवडे झालेत आणि ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. गप्प बसणं बाबांनी मला शिकवलंच नाही. तेव्हा उत्तर इथे देते.

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. कारखान्याबाहेरसुद्धा लोक त्यांना फोरमनच म्हणायचे. डावा डोळा त्यांनी तिथेच घालवला. मी शाळेत होते. लोखंडाची कपची उडून आत घुसली, वेळेवर उपचार झाले नाहीत, आणि त्या डोळ्याला नंतर फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तिथे साहेबांच्या केबिनमध्ये कामगारानं उभ्यानं बोलायचं असा रिवाज होता. मशिनीला जाळी बसवा हे सांगायला बाबा डोळ्यावर पट्टी बांधूनच गेले, आणि जाताना वर्कशॉपमधलं लोखंडी स्टूल बगलेत मारून गेले. साहेबांच्या टेबलासमोर ते ठेवलं, त्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "बोला साहेब." जाळी बसली. बाबांची बढती मात्र बरीच वर्षं अडली. घरी आई त्यावरून चिडायची, तर म्हणायचे, "अवं, उभं राहून पाय दुखले असते माह्ये." मी डोळ्यांची डॉक्टर झाले आणि त्यातही डोळ्याच्या मागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, ते या गेलेल्या डोळ्यामुळे झाले असं लोक मोठ्या कौतुकानं सांगतात. खरी गोष्ट अशी की मला बारावीनंतर शिक्षिका व्हायचं होतं आणि बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

मग बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, एका हिवाळ्यात मी घरी जेवायला गेले, तर बाबा सारखे चष्मा पुसताना दिसले. पुसायचे, घालायचे, वैतागून परत काढायचे. "काचेवर डाग हाय वं, जातच नाई." मी चष्मा हातात घेतला, काच लख्ख होती. "डाग कुठे दिसतो?" "खाली, नाकाच्या बाजूनं. काल लहान होता, आज वाढून राह्यला." चमकल्यासारखं काही दिसलं होतं का, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "हो, दोन-चारदा. फटाके असतीन म्हटलं." दिवाळी होऊन महिना उलटला होता. हेच शब्द मी दवाखान्यात रोज ऐकत असते, आणि बहुतेक वेळा फार उशिरा ऐकते. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे सुटावेत तसा हा पडदा सुटत जातो. आधी एखादी फट पडते, डोळ्यातलं पाणी तिच्यातून मागे शिरतं आणि पडदा भिंतीपासून वेगळा होऊ लागतो. मधला भाग, जिथून आपण वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो, तोही सुटला की गेलेली नजर पूर्ण परत येत नाही. ताट तसंच ठेवून मी त्यांना गाडीत घातलं. दवाखान्यात थेंब टाकून आत पाहिलं. वरच्या बाजूला फट होती, पडदा सुटत सुटत मध्यापर्यंत आलेला, आणि मध्य अजून चिकटून होता... कसाबसा. आणि डोळा हा एकच.

आपल्या माणसावर आपण हत्यार चालवू नये असं आम्हा डॉक्टरांत मानतात. मी माझ्या सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं ऑपरेशन बाबांचं, असं ठरलं. बाबांनी खुर्चीतूनच विचारलं, "कोण करन?"

"सर करतील."

"तू काहून नाई?"

"आपल्या माणसावर हात चालत नाही, बाबा."

"म्हणजे दुसऱ्याच्या बापाले हात लावते अन् आपल्या बापाले नाई? असा कसा कायदा तुमचा?"

तोवर नातेवाईक जमले होते. चुलतकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "राहू दे नं बेटा. माणसाचे किती दिवस राहिले आता? काही बिघडलं त हाय तेबी जाईन." त्यांची भीती खोटी नव्हती, तीच भीती मलाही होती. पण काकांना हळू बोलता येत नाही आणि बाबांचे कान शाबूत होते. आतून आवाज आला, "ज्याले माह्ये दिवस मोजाचे असन त्यानं बाहेर बसून मोजा." सरांना मी हे सगळं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, तू कर, मी शेजारी बसतो, हात थांबला तर मी घेईन. हात थांबला नाही. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढला, मागे साचलेलं पाणी ओढून घेतलं, पडदा पुन्हा भिंतीला लागला, फटीभोवती लेझरचे टाके घातले, शेवटी आत वायू भरला. इतका वेळ मी डोळ्याकडे डोळा म्हणूनच पाहत होते. वरचं हिरवं कापड काढलं, खाली बाबांचा चेहरा दिसला, आणि मग मात्र मी बेसिनला धरून उभी राहिले. फार रडले.

खरी लढाई त्यानंतरची. आत भरलेला वायूचा बुडबुडा वर चढतो आणि पडदा जागेवर दाबून धरतो. पडदा असतो डोळ्याच्या मागे, म्हणून माणसानं तोंड खाली करून राहिलं तरच बुडबुडा मागे जातो. दिवसरात्र उपडं झोपायचं, जेवताना, चालतानाही नजर पायाशी. लोक औषधं वेळेवर घेतात, थेंब टाकतात, आणि याच ठिकाणी चुकतात. कारण आपल्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला यावंच लागतं, आणि भेटायला आलेल्या माणसासाठी आजाऱ्यानं उठून बसावंच लागतं. माझ्या कितीतरी पेशंटांचे पडदे या पाहुणचारात पुन्हा सुटले आहेत. सफरचंदं घेऊन आलेल्या प्रेमळ माणसांनी विदर्भात किती डोळे घालवले, हे मी जाहीर सभेत सांगायला तयार आहे.

आमच्याही घरी पहिल्याच संध्याकाळी कामठीची आत्या आली. बाबांची मोठी बहीण. तिचा आवाज ऐकताच बाबा उठले, हात जोडून "जयभीम बाई" म्हणाले, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडत धावले. आत्याला माझा राग आला. बाबा परत उपडे झाले तर तिला रडू कोसळलं, "एवढ्या दुरून आली मी, अन् माह्या भावाचं तोंडबी पाहू नाई देत हे पोरगी!" मी म्हटलं, तोंड पाहायचं की डोळा ठेवायचा, एक काय ते ठरवा. आत्या पदरानं नाक पुसत बसली. थोड्या वेळानं उशीतून बाबांचा दबलेला आवाज आला, "दोन्ही होते नं. रंगारीले बोलाव."

रंगारीकाका म्हणजे कारखान्यातले सुतार आणि बाबांचे जुने दोस्त. ते करवत घेऊन आले आणि आईच्या माहेरून आलेल्या सागवानी दिवाणाला उशाकडच्या बाजूला, चेहरा मावेल एवढं गोल भोक पाडून गेले. आईनं तेव्हा जो आकांत केला तो ऑपरेशनच्या दिवशीही केला नव्हता. भोकाच्या कडेला तिनंच मग जुन्या गोधडीची गुंडाळी शिवली. बाबा उपडे झोपले, चेहरा भोकातून खाली, आणि दिवाणाखाली आम्ही सतरंजी अंथरली. ज्याला बाबांचं तोंड पाहायचं त्यानं जमिनीवर बसायचं आणि वर पाहायचं. बाबांना त्या दिवसांत कोणाचाच चेहरा दिसत नव्हता. वायूमुळे सगळं पाण्याखालच्यासारखं. आवाजावरून ओळखायचे आणि हुकूम सोडायचे, "कोण हाय? बस खाली!" आत्या सगळ्यांत आधी बसली. मग शेजारीपाजारी, काका, नगरसेवक, विहारातली मंडळी. नगरसेवकाच्या पांढऱ्या शुभ्र पँटला सतरंजीचा रंग लागला तेव्हा आई पहिल्यांदा हसली.

आणि एक दिवस साहेब आले. तेच, ज्यांच्या केबिनमध्ये खुर्ची मिळत नव्हती. निवृत्त होऊन तेही म्हातारे झालेले, गुडघे गेलेले. दारात उभे राहून त्यांनी तो दिवाण पाहिला, माझ्याकडे पाहिलं. बाबांनी आवाज ओळखला. "या साहेब. खुर्ची नाई इथं. खाली बसा." मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी दिवाणाचा पाय धरला, कण्हत कण्हत खाली बसले आणि वर पाहून म्हणाले, "मेश्राम, हा बदला आहे का?"

"नाई साहेब, डॉक्टरचा हुकूम हाय," बाबा म्हणाले. थांबून म्हणाले, "पण मजा येऊन राह्यली."

दोघंही इतके हसले की मला बाबांचं डोकं धरून ठेवावं लागलं. मग बराच वेळ कारखान्यातल्या मेलेल्या आणि जिवंत माणसांच्या गोष्टी चालल्या. निघताना साहेब खालूनच म्हणाले, "मेश्राम, आता मला उठवणार कोण?"

बुडबुडा हळूहळू विरला. अर्धा झाला तेव्हा नजरेसमोर पाण्याची रेघ हलायची, कारागिराच्या लेव्हलपट्टीत हलते तशी. बाबा खूश होऊन सांगायचे, "माह्या डोळ्यात लेव्हल बसवली पोरीनं." पडदा चिकटला तो चिकटलाच. नंतर मोतीबिंदू झाला, तोही काढला. नजर पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. दाराची चौकट त्यांना शेवटपर्यंत जराशी फुगीर दिसायची, पेपरला भिंग लागायचं. स्कूटर मी काढून घेतली, त्यावरून आमचं महिनाभर बोलणं बंद होतं. मग त्यांनी मेट्रो शोधली. सीताबर्डीपर्यंत जायचे आणि परत यायचे, काही काम नसताना, नुसतं खिडकीतून पाहायला. दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे, शेजारच्या माणसाला ऐकाव्या लागायच्या. घरी येऊन कुठल्या गच्चीवर कोण मिरच्या वाळवून राहिलं हे आईला सांगायचे. आईनं केस रंगवणं बंद केलं ते त्यांनी पाहिलं आणि तिला चिडवलं. कोणाचा हात न धरता ते मतदान करून आले. शेवटच्या दुपारी ते पेपर वाचत होते, आणि तो दुसरं कोणी वाचून दाखवत नव्हतं. यातलं काय वाया गेलं ते त्या नातेवाइकांनी मला समोर येऊन सांगावं. मी ऐकून घेईन. वरण मात्र वाढणार नाही.

बाबा गेल्यावर दिवाणाचं काय करायचं, यावर घरात बराच खल झाला. काढून टाका, गेलेल्या माणसाची वस्तू, असं बरेच जण म्हणाले. त्याच दिवसांत उमरेडहून एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. हातमागावर उभा जन्म काढलेल्या. एक डोळा कधीचा गेलेला, दुसऱ्याच्या पडद्याला मधोमध भोक. मी ऑपरेशन सांगितलं तर मुलगा म्हणाला, "मॅडम, बुढीले आता काय पाह्याचं राह्यलं?" म्हाताऱ्या बायकांबद्दल हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता रागानं कानशिलं तापतात. मी तोंड उघडण्याआधी आजीच म्हणाल्या, "मले काय पाह्याचं हाय ते मले इचार नं. त्याले काय इचारतेस वं डॉक्टरीणबाई?" त्यांचं ऑपरेशन मी केलं आणि दिवाण टेम्पोत घालून उमरेडला पाठवला. काका म्हणाले, मेलेल्या माणसाचा दिवाण आजारी माणसाच्या घरी पाठवता? आई पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "ते दिवाणावर नाई मेले, भाऊजी. खुर्चीत मेले. खुर्ची नका पाठवू."

परवा दुपारी उमरेडला फोन केला. सूनबाईंनी उचलला आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. घरी जावई आले आहेत, म्हणाल्या. जावई दारात आला आणि सासू उठली नाही, असं त्या घरात कधी झालं नसणार.

"आजी उठल्या का?" मी विचारलं.

"नाई मॅडम..." सूनबाई आणखी हळू बोलल्या. "जावई खाली बसून हायेत. दिवाणाखाली. चहाबी तिथंच दिला."

आणि मागून, लाकडातून आल्यासारखा, आजींचा खणखणीत आवाज आला, "तिले सांग, मान नाई उचलली मी!"