कापसाच्या घरात बॅटरी

"इथं ठेवा मॅडम, गादीवर ठेवल्यावानी राहीन," असं म्हणत देवरावभाऊंनी बॅटरीसाठी कापसात खड्डासुद्धा केला.

घाटंजीजवळच्या एका खेड्यात मी सोलर बसवायला गेले होते. कापसाला भाव नव्हता. भाव आला की विकू, म्हणून लोकांनी पीक घरातच भरून ठेवलेलं. देवरावभाऊंच्या दोन खोल्यांत कापूस पार आढ्याला टेकला होता. आत पाऊल टाकलं की अंगाला खाज सुटायची. मी बोलतही होते आणि खाजवतही होते. लाइट सारखी जायची, आणि अशा घरात कंदील लावायची कुणाची छाती? म्हणून तर त्यांनी सोलर घेतलं. आगीच्या भीतीनं आणलेली वस्तू आता ते कापसातच पुरायला निघाले होते.

"भाऊ, चार्ज होताना हिच्यातून गॅस निघतो," मी सांगितलं. "तो कोंडला आणि ठिणगी पडली की भडका. हिला हवा पाहिजे. जवळ ना कापूस, ना विस्तव."

स्वयंपाकघरात चूल. पडवीत सगळं घर झोपायचं, आणि माणसांच्या उशाशी बॅटरी ठेवत नाहीत. उरली मागची लहान खोली. कोरडी, जाळीची खिडकी असलेली. मी खूश झाले. पण तिथं देव होते आणि देवापुढे दिवा.

"देव नाही हलत. माया बापानं बसवले," भाऊ म्हणाले.

मी ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, "अहो, दिवा जरा लांब ठेवायला सांगा आणि उरका."

"सर, दिवा लांब न्यायला खोली तरी लांब पाहिजे ना!"

"मंग वापस घेऊन जा तुमची बॅटरी," भाऊ म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. मला फार वाईट वाटलं. एवढं सामान दारात, आणि या घरात पुन्हा अंधारच.

एवढ्यात त्यांची बायको, शांताकाकू, चुलीपासून उठून आल्या. "कापसापायी आपण पडवीत निजून राह्यलो ना? मंग देवाले काय धाड भरली? येतीन माया संगं सैपाकघरात."

त्यांनी देव पदरात घेतलेसुद्धा. भाऊ उठले आणि देवांचा पाट उचलून मागोमाग गेले.

संध्याकाळी बटण दाबलं आणि पडवी उजळली. भाऊ दिव्याकडे बघून लहान पोरासारखे हसले. मी हत्यारं आवरतेय तोच काकू ताट घेऊन आल्या. हळदकुंकू, नारळ आणि मधोमध तेवतं निरांजन. निघाल्या थेट बॅटरीकडे! मी दारात आडवी झाले.

"काकू, थांबा!"

"काहून? नवी वस्तू घरात आली, ओवाळू नको काय?"

"ओवाळा ना. पण अंगणातून."

काकूंनी तुळशीपाशी उभं राहून घराकडे तोंड केलं आणि भिंतीपलीकडच्या बॅटरीला मनोभावे ओवाळलं. नारळही तिथंच फुटला.

भाव काही आला नाही. पण उन्हाळ्यात कापूस गाडीत भरला गेला तो शाबूत, बोंडभरही न जळता.

आता कुठल्याही घरी गेले की भिंती मी नंतर मोजते. आधी विचारते, "काकू, दिवा कुठं लावता?" आणि निघताना, "ओवाळणार कुठून?"